निवासी डॉक्टर नेमका कोण? मराठवाड्यातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या आरोग्य, सुरक्षा व वर्तनविषयक नियमांची पार्श्वभूमी

वैद्यकीय महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर विद्यार्थ्यांचे आरोग्य, सुरक्षितता आणि वर्तन यांविषयीची जी नियमावली आज लावलेली दिसते, ती कोणी एकदा बसून लिहिलेली नाही. तिच्यातला जवळपास प्रत्येक परिच्छेद कुठल्या ना कुठल्या दुर्घटनेनंतर आलेला आहे, आणि ज्या दुर्घटनांनी हे नियम घडवले त्या हिमाचल प्रदेश, मुंबई, धुळे, कोलकाता अशा मराठवाड्याबाहेरच्या ठिकाणी घडलेल्या आहेत. नियम तिथल्या प्रसंगांवरून बेतले गेले आणि परिपत्रकांच्या वाटेने घाटीत (औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय-रुग्णालयात), अंबाजोगाईत, नांदेडला आणि लातूरला पोचले. या कागदांच्या थप्पीत एका प्रश्नाचे उत्तर मात्र कोणीच धडपणे दिलेले नाही. निवासी डॉक्टर, म्हणजे रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर, हा विद्यार्थी आहे की कर्मचारी, हा तो प्रश्न. प्रस्तुत टिपणात त्याला इतर बाबींपेक्षा जास्त जागा दिली आहे, कारण पुढच्या बहुतेक घोळांचे मूळ तिथेच सापडते.

सुरुवातीचा काळ थोडक्यात आटोपता येतो. निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर हैदराबाद गाठावे लागे. तत्कालीन औरंगाबाद शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला हा प्रदेश हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९८८ साली नांदेडला आणि २००२ साली लातूरला. या सगळ्या काळात वर्तनविषयक धोरण म्हणजे हजेरी, वसतिगृहात परतण्याची वेळ, प्रवेशाच्या वेळी पालकांच्या सहीने भरून घेतलेले हमीपत्र आणि अधिष्ठात्यांचा शब्द एवढेच होते. तक्रार करायची ती रेक्टरांकडे, आणि ती मिटायचीही तिथेच. अंबाजोगाईसारख्या ठिकाणी, जिथे शिक्षक, विद्यार्थी आणि कर्मचारी एकाच आवारात राहतात आणि संध्याकाळी एकाच चौकात चहा पितात, तिथे तक्रारदाराचे नाव गुप्त राहील ही अपेक्षा तेव्हाही भाबडी होती. १९९८ साली आरोग्य विज्ञानासाठी नाशिक येथे स्वतंत्र राज्यस्तरीय विद्यापीठ स्थापन झाले, मराठवाड्यातली वैद्यकीय महाविद्यालये प्रादेशिक विद्यापीठातून तिकडे गेली आणि परीक्षांबरोबर शिस्तीचे कागदही एकसारख्या नमुन्यात येऊ लागले.

खरी कलाटणी त्यानंतरच्या वर्षी मिळाली. राज्याचा रॅगिंगबंदी कायदा १५ मे १९९९ पासून लागू झाला. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, महाविद्यालयातून हकालपट्टी आणि पुढची पाच वर्षे अन्य कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेशाला बंदी, अशी त्यातली शिक्षा आहे. मात्र शिक्षेपेक्षा दुसरी एक तरतूद अधिक दूरगामी ठरली. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करायची, तथ्य दिसल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करायचे, आणि यात त्याने कुचराई केली तर त्यानेच गुन्ह्याला प्रोत्साहन दिले असे मानायचे. यापूर्वी अधिष्ठात्यांना प्रकरण मिटवण्यात शहाणपण वाटत असे. कायद्याने ते मिटवणेच धोक्याचे करून ठेवले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये या विषयावर निर्देश दिले, २००७ मध्ये एका निवृत्त तपास अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशी बंधनकारक केल्या, आणि मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ज्येष्ठ विद्यार्थ्यांच्या मारहाणीनंतर प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्यावर त्याच वर्षी उच्च शिक्षण आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्हींच्या नियामक संस्थांनी आपापली विनियमने काढली. दरवर्षी विद्यार्थ्याने आणि पालकाने द्यायचे प्रतिज्ञापत्र, नवागतांसाठी वेगळे वसतिगृह, रात्री अचानक फेरी मारणारे पथक आणि चोवीस तास चालणारी निःशुल्क दूरध्वनी सेवा या आज गृहीत धरल्या जाणाऱ्या गोष्टी त्या वर्षीच्या आहेत. दोषी नेमका सापडत नसेल तर सामूहिक शिक्षेची तरतूदही त्यातलीच; ती न्याय्य आहे का, यावर वसतिगृहांत आजही वाद झडतात.

हे सारे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एमबीबीएसचा पहिल्या वर्षाचा मुलगा होता. मान खाली घालून चालणारा, शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे पाहत बोलणारा, रात्री वरच्या मजल्यावर ‘इंट्रो’साठी बोलावला जाणारा. त्याच्यापुरते नियम बऱ्यापैकी लागू पडले आणि मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतला उघड छळ मागच्या पिढीच्या मानाने कमी झाला, हे मान्य करायला हरकत नाही. पण रुग्णालय ज्यांच्या जिवावर चालते त्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचे काय? तो प्रवेशपरीक्षा देऊन, शुल्क भरून येतो, त्याची परीक्षा होते, त्याला प्रबंध लिहावा लागतो. म्हणजे तो विद्यार्थी. तोच रात्रपाळीला अपघात विभागात उभा राहतो, रुग्ण दाखल करून घेतो, कागदांवर सह्या करतो, न्यायालयात साक्षीला जातो. म्हणजे तो कर्मचारी. त्याला मिळते ते विद्यावेतन, वेतन नव्हे. वेतन नसल्याने जादा कामाचा मोबदला नाही, आणि कामगारांसाठीचे कामाच्या तासांचे कायदेही त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

याचा परिणाम कसा होतो ते वॉर्डातल्या भिंतीवर चिकटवलेल्या ड्युटीच्या तक्त्यावर दिसते. तक्ता तयार करतो युनिटमधला तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर. प्राध्यापक त्यावर क्वचितच नजर टाकतात. पहिल्या वर्षाच्या ‘जेआर-वन’वर राग असेल तर त्याच्या नावापुढे सलग दोन इमर्जन्सी पडतात, दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीतून सुटका मिळत नाही, आणि रक्तपेढीपासून क्ष-किरण विभागापर्यंतची धावपळ त्याच्याच माथी येते. १९९९ च्या कायद्यातली रॅगिंगची व्याख्या विलक्षण रुंद आहे : विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा होईल, भीती किंवा लाज वाटेल असे वर्तन तर तीत आहेच, शिवाय तो एरवी राजीखुशीने करणार नाही अशी कोणतीही गोष्ट त्याला करायला सांगणे हेही त्यात येते. सलग छत्तीस तासांची ड्युटी कोण राजीखुशीने करतो? शब्दशः वाचली तर ही व्याख्या निम्मे रुग्णालय कवेत घेते, आणि म्हणूनच प्रत्यक्षात ती अगदी अरुंद करून वाचली जाते. महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीसमोर तक्रार आली की, ‘हा कामाचा भाग आहे, शिक्षणाचा नाही,’ असे उत्तर येते. निवासी डॉक्टरांनी कामाचे तास मागितले की तेच शासन, ‘तुम्ही प्रशिक्षणार्थी आहात,’ असे सांगते. एकाच माणसाला सोयीप्रमाणे या कप्प्यातून त्या कप्प्यात हलवायचे, असा हा प्रकार आहे, आणि त्यात दरवेळी तोटा त्याचाच होतो.

मे २०१९ मध्ये मुंबईतल्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या मृत्यूने हा पेच सर्वांसमोर आणला. ती आदिवासी समाजातली होती. तिच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांवर रॅगिंगबंदी कायदा, अ‍ॅट्रॉसिटी कायदा आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याची कलमे लावली गेली. कामाच्या प्रचंड भारालाच रॅगिंगचे नाव दिले जात आहे, अशी आरोपींची बाजू होती. कुटुंबीयांचे म्हणणे जातीवरून चाललेल्या हेटाळणीचे होते. मराठवाड्यात या प्रकरणाचे पडसाद उमटले यात नवल नाही, कारण आरक्षित जागेवरून आलेल्या विद्यार्थ्याच्या गुणांवरून टोमणे मारणे इथल्या वसतिगृहांनाही अपरिचित नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या नव्या नियामकाने रॅगिंगविषयक विनियमने नव्याने जारी केली. त्यांत पदवी आणि पदव्युत्तर दोन्हींचा समावेश आहे, तरी ड्युटीचा तक्ता कोणी तपासायचा हे त्यांतूनही निश्चित झाले नाही. ज्येष्ठ निवासी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण संपवून नेमणुकीवर आलेला ‘सीनियर रेसिडेंट’, हा तर विद्यार्थीच नसतो. त्याच्यावर महाविद्यालयातून हकालपट्टीची शिक्षा कशी लावायची, हा प्रश्न वेगळाच.

कामाच्या तासांबाबतचे दोन आकडे शेजारी ठेवले तर या गोंधळाचे माप कळते. केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत कनिष्ठ निवासी डॉक्टरने सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त काम करू नये, असे म्हटले होते. कामाच्या निकडीप्रमाणे त्यात लवचीकता ठेवण्याची मुभाही सोबतच दिली होती, आणि व्यवहारात उरली ती मुभाच. २०२३ च्या पदव्युत्तर विनियमांत आकडा गळाला आणि ‘वाजवी’ तास व ‘वाजवी’ विश्रांती हे शब्द आले. ऑगस्ट २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयीच्या राष्ट्रीय कृतिदलाने आठवड्याला कमाल ७४ तासांची शिफारस केली : एक चोवीस तासांची ड्युटी, पाच दिवस प्रत्येकी दहा तास आणि एक सुट्टी. बत्तीस वर्षांनी आलेली सुधारणा मूळ नियमापेक्षा २६ तासांनी मोठी आहे. तीही शिफारसच. याच कृतिदलाने केलेल्या ऑनलाइन सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे नोंदवले होते.

शारीरिक आरोग्याच्या धोरणाकडे या मानाने कमी लक्ष गेले. हिपॅटायटिस-बीची लस क्लिनिकल पोस्टिंगपूर्वी घ्यावी, सुई टोचली तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी, दाबून रक्त काढू नये, एचआयव्हीप्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावा व २८ दिवस चालू ठेवावा, हे नियम स्पष्ट आहेत. अडते ते रात्री अडीच वाजता, जेव्हा इंटर्नला नोंदवही कुठे आहे हे ठाऊक नसते आणि ‘सुईला टोपण लावायला कोणी सांगितले होते’ हे ऐकून घेण्यापेक्षा तो गप्प बसणे पसंत करतो. दुसरी बाब पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले तेव्हा ते देशभर गाजले. त्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या शहरात वसतिगृहाच्या मेसमधले पाणी कुठून येते आणि टाकी कधी धुतली जाते, हा विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा पहिला प्रश्न होता, पण कुठल्याही राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेत तो तेवढ्या ठळकपणे आढळत नाही.

सुरक्षिततेचा अर्थ मधल्या काळात बदलला. आधी नवख्याला ज्येष्ठांपासून वाचवायचे होते. मग डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांपासून वाचवण्याची वेळ आली. राज्याचा २०१० चा कायदा वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवतो, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई सांगतो, आणि त्याने वैद्यकीय व परिचर्या विद्यार्थ्यांनाही संरक्षणाच्या कक्षेत घेतले आहे. विद्यार्थी-कर्मचारी हा वाद ज्याने टाळला असा हा एक दुर्मीळ मसुदा म्हणावा लागेल. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्यात अस्थिव्यंग विभागातल्या निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली आणि राज्यभरातले निवासी डॉक्टर ‘सामूहिक रजे’वर गेले. संप हा शब्द टाळण्यामागे तोच जुना पेच होता. रजेवर गेलेल्यांना निलंबनाच्या आणि विद्यावेतन कापण्याच्या नोटिसा निघाल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि शासनाने राज्य सुरक्षा महामंडळाचे १,१०० जवान रुग्णालयांत नेमण्याचे आश्वासन दिले. एका रुग्णामागे दोनच नातेवाइकांना पास देण्याची पद्धतही त्याच सुमारास कडक झाली. जालना, बीड, बुलढाण्याहून आलेल्या रुग्णासोबत जीपभर माणसे असतात आणि त्यांना रात्री परत जायला वाहन नसते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हा नियम किती दिवस टिकणार हे वेगळे सांगायला नको.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यात एका पदव्युत्तर प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर तिच्याच रुग्णालयाच्या चर्चासत्र कक्षात अत्याचार व तिची हत्या झाल्यावर आठवडाभरात दोन आदेश निघाले. प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःचे सुरक्षा धोरण तयार करावे हा एक, आणि कर्तव्यावर असताना हिंसा घडल्यास संस्थाप्रमुखाने सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने गुन्हा नोंदवावा हा दुसरा. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनी कॅमेरे, दिवे, वसतिगृह ते अपघात विभाग या वाटेवरची गस्त आणि महिला डॉक्टरांच्या विश्रांतीच्या खोल्या यांच्या याद्या तयार केल्या. कडी नसलेली ड्युटी-रूम ही काही २०२४ मध्ये लागलेली नवी माहिती नव्हती. निवासी डॉक्टरांच्या निवेदनांत कडीची मागणी त्याआधीही असे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने कामाच्या जागी आणि २०१५ च्या विनियमांनी शिक्षणसंस्थेत अंतर्गत समिती बंधनकारक केलीच होती, आणि त्रास देणारा रुग्णाचा नातेवाईक असला तरी संस्थेची जबाबदारी सुटत नाही, हेही त्या कायद्यात आहे.

दरम्यान विभागातल्या शासकीय महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. २०२२ साली धाराशिव, २०२३ साली परभणी आणि २०२४ साली जालना व हिंगोली येथे प्रत्येकी १०० जागांची महाविद्यालये जिल्हा रुग्णालयांना जोडून सुरू झाली. रॅगिंगविरोधी समिती, प्रतिज्ञापत्रे आणि सुरक्षा धोरणाचा मसुदा हे सगळे त्यांना पहिल्या दिवसापासून तयार मिळाले आहे. धाराशिवची पहिली तुकडी २०२७ च्या सुमारास इंटर्नशिपला उभी राहील. पदव्युत्तर अभ्यासक्रम वाढतील तसा ड्युटीचा तक्ताही तिथल्या भिंतींवर लागेल, आणि तो तपासण्याचा अधिकार कोणत्या समितीचा, याचा उल्लेख सध्याच्या मसुद्यांत नाही.