मास शूटिंग आणि वंशाचा प्रश्न (अमेरिका)

मास शूटिंग म्हणजे एकाच वेळी, साधारण एकाच ठिकाणी बऱ्याच जणांवर झालेला गोळीबार. बऱ्याच म्हणजे किती, यावर अमेरिकेत एकमत नाही आणि सगळी गोची तिथेच आहे. गन व्हायोलन्स आर्काइव्ह ही संस्था हल्लेखोर सोडून चार किंवा जास्त लोकांना गोळी लागली की घटना मोजते, कोणी मेलं नसलं तरी. बरेच अभ्यासक मात्र चार ठार, जागा सार्वजनिक, आणि टोळीचं भांडण, दरोडा, घरातली मारामारी यातलं काही नको, अशी अट घालतात. पहिल्या हिशोबाने 2023 मध्ये साडेसहाशेच्या वर घटना झाल्या, दुसऱ्याने वर्षाला फार तर दहाच्या आतबाहेर.

यादी बदलली की हल्लेखोराचा चेहरा पण बदलतो. कडक यादीत, म्हणजे शाळा, मॉल, चर्च वगैरे, 1966 पासूनचे निम्म्याहून थोडे जास्त हल्लेखोर गोरे, आणि लोकसंख्येत गोऱ्यांचा वाटा पाहिला तर हे काही फार वेगळं नाही (पुरुष मात्र जवळपास सगळेच, त्यावर कोणी वाद घालत नाही). मोठ्या यादीत पार्ट्यांमधली भांडणं, नाक्यावरचे गोळीबार खूप येतात, त्यात मरणारे आणि मारणारे बरेचदा काळे. शिकागोच्या साउथ साइडसारख्या काळ्यांच्या ज्या वस्त्यांना 1930 च्या दशकापासून घरकर्जच नाकारलं गेलं तिथलं हे रोजचं, त्यामुळे बातमी दोन ओळींत संपते. मग एक बाजू म्हणते शूटर म्हणजे गोरा पोरगा, दुसरी म्हणते काळ्यांचं का लपवता, आणि दोघंही आपापली यादी नाचवतात.

एकूण खुनांमध्ये, जिथे आरोपीचा वंश माहीत आहे तिथे, काळ्यांचं प्रमाण लोकसंख्येतल्या 13 टक्के वाट्यापेक्षा बरंच जास्त आहे, हे खरंच आहे. पण 2019 ची एफबीआयची आकडेवारी बघा, एक मारेकरी एक बळी अशा केसेसमध्ये गोऱ्या बळींपैकी साधारण 80 टक्के गोऱ्यांनीच मारलेले, काळ्या बळींपैकी 90 टक्क्यांच्या जवळपास काळ्यांनी. माणूस मारला जातो तो बरेचदा शेजारपाजारच्या, ओळखीच्याच माणसाकडून.

यातला फक्त पहिला आकडा सांगायचा, ही अर्धी माहिती किती महागात पडते त्याचं उदाहरण म्हणजे साउथ कॅरोलायनामधलं चार्ल्सटन शहर. जून 2015 मध्ये तिथल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये 21 वर्षांचा गोरा मुलगा बायबल वाचनाला येऊन बसला, लोकांनी त्याला जागा दिली, जवळपास तासभर तो बसला आणि मग नऊ जणांना मारलं. त्याने स्वतः लिहून ठेवलं होतं की ट्रेव्हॉन मार्टिन प्रकरणानंतर (2012 मध्ये फ्लोरिडात या निःशस्त्र काळ्या मुलाला वस्तीत गस्त घालणाऱ्या एकाने गोळी घातली होती) त्याने इंटरनेटवर काळ्यांनी गोऱ्यांवर केलेले गुन्हे शोधले आणि त्याला पहिलं सापडलं ते एका वर्णद्वेषी संघटनेचं पान.

हल्लेखोर गोरा निघाला की बातमीत मानसिक आजार, एकलकोंडेपणा, नाव मुसलमानी असलं की दहशतवाद, अशी तक्रार खूप जुनी आहे आणि बऱ्याच अंशी रास्त आहे. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात 2007 साली 32 जण गेले, त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी पण होती. हल्लेखोर आठव्या वर्षी कोरियातून आलेला, अमेरिकेतच वाढलेला, तरी दक्षिण कोरियाच्या राजदूताने तिथल्या कोरियन लोकांना 32 दिवस उपास करायला सुचवलं. 2012 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात वर्णद्वेषी गोऱ्याने शीख भाविकांना मारलं, तेव्हा गोऱ्या समाजाकडे असलं काही कोणी मागितलं नाही. आणि 2023 मध्ये टेक्सासच्या ॲलनमधल्या मॉलमध्ये आठ जणांना मारणारा हिस्पॅनिक आडनावाचा, अंगावर नाझी टॅटू, तेव्हा अनेकांना ते पटेचना, हे कसं शक्य आहे म्हणून कटाच्या कहाण्या सुरू झाल्या.

हे सगळं ज्या घटनांवरून चालतं त्या बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंचा अगदी छोटा भाग आहेत. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 लोक मेले, त्यातले निम्म्याहून जास्त आत्महत्येने, आणि त्यात बहुसंख्य गोरे पुरुष.