कामाच्या ठिकाणचा ताण व मानसिक स्वास्थ्य (पुणे)

अंगावर पडणारे काम एकीकडे आणि ते पेलण्यासाठी मिळणारा वेळ, मनुष्यबळ, अधिकार व मोबदला दुसरीकडे, यांचा मेळ बसेनासा झाला की नोकरदाराच्या मनावर आणि शरीरावर येणारा दाब म्हणजे कामाच्या ठिकाणचा ताण. थोडा ताण कामाला गती देतो. तो महिनोन्‌महिने उतरलाच नाही, तर झोप उडते, पित्त व पाठदुखी मागे लागते, चिडचिड वाढते. पुढे चिंताविकार, नैराश्य किंवा व्यसनही जडू शकते.

काम खूप, पण ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, अशा जागी ताण सर्वाधिक असतो, अशी मांडणी संशोधक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये केली. जागतिक आरोग्य संघटनेने रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा येणे आणि कामाची परिणामकारकता घटणे. संघटना त्याला आजार न म्हणता नोकरीशी निगडित स्थिती म्हणते. म्हणून कर्मचाऱ्याला ‘कमकुवत मनाचा’ ठरवण्याआधी त्याच्या कामाची रचना तपासायला हवी.

पुण्यात हा ताण दोन तऱ्हांनी दिसतो. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातील आयटी कंपन्यांचे अनेक ग्राहक अमेरिकेत असतात. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ ते साडेदहा तास मागे असल्याने तिथला दिवस सुरू होतो तेव्हा इथे संध्याकाळ झालेली असते. वाकडच्या वाहतूक कोंडीतून घरी पोहोचलेला माणूस जेवणाच्या वेळी पुन्हा कॉलवर बसतो. भोसरी, चाकणच्या कारखान्यांत त्रास वेगळा: फिरत्या पाळ्या, पाळीमागे ठरलेले उत्पादन आणि कंत्राटी कामगाराच्या डोक्यावर ‘ब्रेक’ मिळण्याची, म्हणजे कामावरून मध्येच घरी बसवले जाण्याची टांगती तलवार. उत्पादनाची लाइन थांबवणे त्याच्या हातात नसते. करासेक यांची मांडणी त्याला अधिक चपखल लागू पडते, तरी चर्चा मात्र आयटीचीच होते.

२०२४ मध्ये पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण सनदी लेखापाल मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीला लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले आणि कामाच्या तासांचा प्रश्न ऐरणीवर आला. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५-४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. व्यवस्थापकीय व पर्यवेक्षकीय पदे मात्र त्यातून वगळली. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दैनिक मर्यादा १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलेल्या खासगी विधेयकात, कामाच्या वेळेनंतर फोन वा ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मागितला होता.

उपायांत कंपन्यांना सर्वांत सोपे वाटते ते योगसत्र. योगाची मोठी परंपरा पुण्याला लाभली आहे; बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था शिवाजीनगरात, तर १९२४ पासूनचे कैवल्यधाम जवळच लोणावळ्याला. श्वसन व आसनांनी मन निवते हे खरे, पण त्याने डेडलाइन पुढे सरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना कामाच्या रचनेतील बदल आणि व्यवस्थापकांचे प्रशिक्षण यांवरही भर देतात. टीम लीडने कामाची वाटणी बदलणे, रात्रीचे कॉल आळीपाळीने देणे, रजा मागणाऱ्याला अपराधी न वाटू देणे, हे बिनखर्चाचे आणि बहुधा सर्वांत गुणकारी उपाय. समुपदेशकाकडे गेल्याचे एचआरला (मनुष्यबळ विभागाला) कळेल ही भीती खरी असते; त्यामुळे समुपदेशक कंपनीबाहेरचा असावा आणि येणाऱ्याचे नाव कंपनीकडे जाऊ नये.

ताणापायी दारू वाढली असेल, तर १९८६ पासून पुण्यात काम करणारे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. ससून या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क मिळते. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा हवा, असे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सांगतो. तरीही अनेक गटविम्यांत रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या समुपदेशनाचा खर्च मिळत नाही, तो कर्मचाऱ्यालाच सोसावा लागतो.