मंडळाच्या सहलीसाठी चालकासह मिनीबस ठरवताना : पात्रता, कागदपत्रं आणि पद्धत

आमच्या भजनी मंडळाची दरवर्षी पुण्याहून जेजुरी-मोरगाव अशी एका दिवसाची सहल असते. सोळा-सतरा माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. गाडी ठरवायचं काम माझ्याकडे. एका वर्षी ओळखीतून स्वस्तात गाडी मिळाली. पहाटे साडेपाचला ती गेटवर आली, डबे-पिशव्या चढल्या आणि आम्ही निघालो. दिवे घाट चढून सासवडला चहाला उतरलो, तेव्हा मंडळातल्या एका निवृत्त एसटी वाहकांनी मला बाजूला घेऊन नंबरप्लेट दाखवली. पांढरी पाटी, काळी अक्षरं. म्हणजे खासगी वापराची गाडी. आम्ही सुखरूप परतलो, पण घाटात काही झालं असतं तर त्या सतरा जणांच्या घरी मी काय सांगणार होतो, हा विचार अजून जात नाही. तेव्हापासून मी पुढची सगळी तपासणी करूनच गाडी ठरवतो.

पात्रता कोणाची?

गाडी भाड्याने घेणाऱ्याला कसलीही पात्रता लागत नाही. भजनी मंडळ, महिला बचत गट, सोसायटी, कुटुंब, कोणीही घेऊ शकतं. मंडळ नोंदणीकृत असण्याचीही अट नाही. पात्र असावी लागते ती गाडी आणि तिचा चालक.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्या गाडीला परमिट लागतं. आपल्या कामाचं परमिट म्हणजे कंत्राटी प्रवासी वाहनाचं, कॉन्ट्रॅक्ट कॅरेजचं. पूर्ण गाडी एका गटाने ठरवायची आणि ठरलेल्या माणसांनीच त्यातून जायचं, असा त्याचा अर्थ. त्यामुळे ‘दोन सीट रिकाम्या आहेत, वाटेत हडपसरला दोघांना घेतो’ असं चालक म्हणाला तर सरळ नाही म्हणा. वाटेत सुटे प्रवासी घेण्याची मुभा या परमिटमध्ये नाही.

पहिली खूण पाटीची. पिवळी पाटी, काळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी. विजेवर चालणारी भाड्याची गाडी असेल तर हिरवी पाटी आणि पिवळी अक्षरं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती स्वतः चालवायला भाड्याने देण्याची गाडी, चालकासह सहलीची नव्हे. पांढरी पाटी दिसली की विषय संपला. अशी गाडी पकडली तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ती शिक्षा वाहनवाल्याला, पण सहल मात्र तिथेच थांबते. त्याहून मोठा धोका विम्याचा. खासगी गाडी भाड्याने वापरली हा विम्याच्या अटींचा भंग ठरतो आणि अपघातानंतर विमा कंपनी त्यावरच बोट ठेवते. लग्नाला किंवा जत्रेला मालवाहू पिकअपमध्ये माणसं भरून नेतात, तेही याच कारणाने घातक आहे.

कोणती कागदपत्रं मागायची

आगाऊ पैसे देण्याआधी गाडीचा नंबर मागून घ्या आणि एम-परिवहन अ‍ॅपमध्ये टाका. गाडीचा वर्ग, फिटनेसची (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याच्या प्रमाणपत्राची) मुदत, विम्याची मुदत तिथे दिसते. त्यानंतर मालकाकडून आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र), परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र) आणि चालकाचा परवाना यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. डिजिलॉकरमधली प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य असते, त्यामुळे ‘कागद गावाकडे आहेत’ ही सबब चालत नाही. कागद दाखवायला मालक खळखळ करत असेल तर दुसरी गाडी बघा, मग तो कितीही ओळखीचा असो.

फिटनेस प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावं लागतं. मुदत सहलीच्या परतीच्या तारखेपुढे असायला हवी. चालकाच्या परवान्याबद्दल बराच गोंधळ असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की, ७,५०० किलोपर्यंतच्या प्रवासी गाडीला हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरतो. नेहमीची टेम्पो ट्रॅव्हलर यात बसते. मोठी बस असेल तर मात्र त्या वर्गाचा परवाना बघायलाच हवा.

सहल गोव्याला, बेळगावला किंवा गोकर्णला जाणार असेल तर राज्याबाहेरचं परमिट लागतं : अखिल भारतीय पर्यटक परमिट किंवा त्या फेरीपुरतं विशेष परमिट. पर्यटक परमिटच्या गाडीत प्रवाशांची यादी ठेवावी लागते. म्हणून नाव आणि वय अशी यादी आधीच करून चालकाकडे एक प्रत द्या. आमची यादी मी जिल्ह्यातल्या सहलीलाही करतो. गर्दीत कोण मागे राहिलं ते मोजायला तीच कामी येते.

सीटचा हिशोब

आरसीवरची आसनसंख्या सहसा चालकासह असते. तिथे १८ लिहिलं असेल तर प्रवासी १७. ‘एखादा स्टूल टाकू’ हे मान्य करू नका. जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे आणि जादा माणसांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी पुढे सोडत नाहीत. दंड भरूनही न सुटणारी गोष्ट पुढे आहे. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, विमा कंपनीची जबाबदारी परवानगी असलेल्या प्रवासीसंख्येपुरतीच असते. एकोणिसावं माणूस भरताना एवढं आठवावं.

भाडं कसं ठरतं

शहराजवळच्या फेरीला ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ असं पॅकेज असतं. बाहेरगावी किलोमीटरचा दर आणि रोजचे किमान ३०० किलोमीटर धरायची पद्धत आहे. पुणे-जेजुरी-मोरगाव जाऊन-येऊन साधारण १४० किलोमीटर. म्हणजे बाहेरगावच्या दराने ठरवलं तर गाडी न धावलेल्या दीडशेहून अधिक किलोमीटरचेही पैसे जातात. पॅकेज आणि जादा किलोमीटर-तासांचा दर असं करून बघा, फरक कळेल. मोजणी गॅरेजपासून की आपल्या दारापासून, टोल, पार्किंग आणि चालक भत्ता कोणाकडे, रद्द केल्यास किती परत, हे सगळं लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलंही पुरे, पण लिहिलेलं हवं. निघताना मीटरचा फोटो काढा.

माणसं चाळीसच्या आसपास असतील तर एसटीचा प्रासंगिक करार, म्हणजे अख्खी बस आपल्या गटासाठी ठरवणं, उत्तम. जवळच्या आगारात आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज करायचा : तारीख, वेळ, चढण्याचं ठिकाण, मार्ग, मुक्काम, प्रवासीसंख्या. आगार अंदाजे रक्कम काढून देतं, ती अनामतीसह भरायची आणि परतल्यावर प्रत्यक्ष किलोमीटरवर हिशोब होतो. शालेय सहलींना यात ५० टक्के सवलत आहे, मुख्याध्यापकांचं पत्र जोडावं लागतं. आषाढीला तर अलीकडे ४० किंवा जास्त भाविकांनी एकत्र मागणी केली की गावातून थेट पंढरपूरला बस मिळते.

चालकाची झोप

याचा कागद नसतो, पण मी सगळ्यात जास्त हेच विचारतो : आदल्या रात्री चालक कुठे होता? नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ प्रमाणे दिवसाचं काम आठ तासांचं आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, असा नियम होता. रात्रभर शिर्डीचं भाडं करून पहाटे आपल्या दारात आलेला चालक या हिशोबात बसत नाही. मागच्या सहलीला असाच एक मुलगा आला. डोळे लाल, चहाचा कप धरलेला हात थरथरत होता. मी मालकाला फोन करून दुसरा चालक मागितला. तो यायला दोन तास लागले. तोवर सगळ्यांनी सोसायटीच्या कट्ट्यावर बसून हरिपाठ म्हटला आणि तो मुलगा मागच्या सीटवर गाढ झोपला. जेजुरीला पोहोचायला दुपार झाली, ऊन चढलं, पायऱ्या चढताना दोघी-तिघींना त्रास झाला. तरी परतीच्या वाटेवर कोणी कुरकुर केली नाही. त्या मुलाच्या घरी द्यायला भंडाऱ्याची पुडी मात्र आमच्या काकूंनी आठवणीने बांधून ठेवली होती.