प्रत्याभरण नियंत्रण

यंत्रणेच्या कामाचा परिणाम मोजायचा, हव्या असलेल्या पातळीशी तो ताडून पाहायचा आणि जेवढा फरक आढळेल त्यानुसार पुढची कृती ठरवायची, या पद्धतीला प्रत्याभरण नियंत्रण म्हणतात. रोजच्या बोलण्यात यालाच ‘फीडबॅक’ म्हणतात. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक हे त्याचे अगदी साधे रूप. पाणी चढले की फुगा वर येतो आणि आवक बंद होते. पाणी कुणी वापरले की टाकी गळली, याच्याशी फुग्याला देणेघेणे नसते. कारण ठाऊक नसतानाही परिणाम आवरता येतो, हेच या तत्त्वाचे मोठे बळ आहे.

जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारे साधन, जोडला. वेग वाढला की त्याचे फिरते गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप मिटू लागे. पुढे अशी काही इंजिने एका वेगावर ठरेनात. वेग सारखा वरखाली होई. दुरुस्ती उशिरा पोहोचली किंवा गरजेपेक्षा जोरात झाली, तर फरक मिटण्याऐवजी हेलकावे सुरू होतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये गव्हर्नरच्या स्थैर्याचे गणित मांडले आणि नियंत्रणशास्त्राचा पाया घातला.

सजीवांतील अशा समतोलाला शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी ‘होमिओस्टॅसिस’ (समस्थिती) हे नाव दिले. रक्तातील साखर वाढली की ती घटवणारे इन्शुलिन स्रवते, घटली की ती वाढवणारे ग्लुकॅगॉन. प्रसूतीत मात्र उलट घडते: कळांमुळे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते, त्याने कळा आणखी वाढतात आणि बाळ बाहेर येईपर्यंत हे चक्र थांबत नाही. हे धन प्रत्याभरण.

ताप आणि उष्माघात यांतला फरक या तत्त्वाखेरीज नीट उमगत नाही. मेंदूतील अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) हा भाग शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतो. संसर्गात ही ठरलेली पातळीच वर सरकते. म्हणून अंग तापत असतानाही हुडहुडी भरते. शरीराच्या हिशेबी ते अजून थंडच असते. पॅरासिटामॉल ती पातळी खाली आणते. उष्माघातात पातळी जागच्या जागी असते, पण अंग थंड करणारे मार्ग तोकडे पडतात. त्यामुळे तिथे ही गोळी लागू पडत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात कुणी उन्हाने कोसळले, तर त्याला सावलीत नेऊन अंग गार पाण्याने भिजवावे, वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात हलवावे.