मालक नसलेल्याचे आजारपण

नागपुरात ऑटोवाल्याचा पाय मोडला तर उपचारांची सोय आज बहुधा लागते. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आहेत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. प्लास्टर निघेपर्यंत ऑटोचा हप्ता, घरभाडे आणि किराणा कशातून भागवायचा, याची तरतूद मात्र त्यात नाही. बुडालेली कमाई भरून देण्याची कल्पना या शहराला नवी नाही. ती आली आणि अनेकदा आली, पण जवळजवळ प्रत्येक वेळी मालकाचा हात धरूनच.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. १८८६ मध्ये तिथे पेन्शन फंड आला आणि १८९५ पासून कामावर अपघात झालेल्यांना भरपाई मिळू लागली. देशभरासाठी तसा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. नागपूरकर ही गोष्ट अभिमानाने सांगतात, सांगावीही. पण त्याच काळात पाचपावली-महाल भागात हातमागावर बसणारा कोष्टी विणकर याच गिरण्यांच्या कापडाशी बाजारात झुंजत होता. तो तापाने पडला की माग थांबे आणि माग थांबला की चूल. १९२३ च्या कायद्यानेही त्याच्यात फरक पडला नाही, कारण तो कायदा मालकाच्या जबाबदारीवर उभा होता. मालकच नाही म्हटल्यावर दावा कोणावर करायचा?

पुढचा मोठा टप्पा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांना १९४३ मध्ये देण्यात आले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४४ मध्ये अहवाल आला, पण मुळात काम सोपवतानाच ते कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू या कारखान्यांपुरते मर्यादित ठेवले होते. ब्रिटनमधल्या सामाजिक विम्यावरच्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही आजारपणाच्या भत्त्यात धरले होते, हे इथे लक्षात ठेवण्याजोगे. दोन्हींत अंतर दोनच वर्षांचे, पण आपल्याकडची रेघ कारखान्याच्या फाटकावर ओढली गेली. ती अजून पुरती पुसलेली नाही.

कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये झाला. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, नागपुरात १९५४ मध्ये. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. सोमवारी पेठेतले विमा रुग्णालय याच योजनेचे. इथे औषधपाणी आणि बुडालेला पगार या दोन गोष्टी एकाच कार्डावर मिळतात, आणि तेच या योजनेचे खरे मोल. आज आजारी विमाधारकाला वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते, कामावरच्या दुखापतीत ९० टक्के. सुरुवातीला मात्र विजेवर चालणारा आणि २० किंवा अधिक कामगारांचा कारखाना हवा, पगार महिन्याला ४०० रुपयांच्या आत हवा, अशा अटी होत्या. आता पगाराची मर्यादा २१ हजार आहे. पुढे गिरण्या मोडल्या. एम्प्रेस २००२ मध्ये बंद झाली. नोकरी सुटून जे भाजीच्या ठेल्याकडे किंवा ऑटोकडे वळले, त्यांचे विम्याचे कार्डही नोकरीबरोबरच गेले.

मालक धड दिसत नाही अशा कामांतही पैसे देणारा शोधून काढल्याची उदाहरणे आहेत, आणि मला ती सर्वांत शहाणपणाची वाटतात. विडी घरी बसून वळली जाते. १९६६ च्या कायद्याने घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले, आणि १९७६ मध्ये विडी उद्योगावरच उपकर बसवून कल्याण निधी उभा केला. त्यातून दवाखाने चालले, क्षयरोग झालेल्याला उपचारांबरोबर निर्वाह भत्ताही मिळाला. कामठीपासून भंडारा-गोंदियापर्यंतच्या विडी पट्ट्यासाठी हा निधी सांभाळणारे केंद्र सरकारचे कार्यालय नागपुरातच. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर गेला. हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. त्यात हमाल कोणा एकाचा नोकर नसला तरी माल उतरवून घेणाऱ्या व्यापाऱ्याने मजुरीवर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, भरायची, असे ठरले. बांधकाम मजुरांच्या मंडळालाही बांधकाम खर्चावरचा १ टक्का उपकर मिळतो. पण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. सकाळी ठिय्यावर उभे राहून रोज नव्या माणसाकडे जाणाऱ्या पेंटरला तो मिळवताना नाकी नऊ येतात.

कोणाचाच मालक न शोधता थेट कमाईचा विचार झाला तो २००३ मध्ये. केंद्राच्या सार्वत्रिक आरोग्य विमा योजनेत एकट्याला दिवसाला १ रुपया हप्ता, कुटुंबाला ३० हजारांपर्यंत रुग्णालयाचा खर्च, आणि कमावता माणूस रुग्णालयात असेल तर दिवसाला ५० रुपये, कमाल १५ दिवस. रक्कम तेव्हाही तुटपुंजीच होती. पण कमाई बुडते, हे सरकारी विम्याच्या कागदावर मान्य झाले होते. २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, पुढे फेरीवाले, रिक्षाचालक, कचरावेचक तिच्यात आले; खर्चाची मर्यादा ३० हजारच राहिली आणि ५० रुपयांचे कलम गळाले. त्याच वर्षीच्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्याने स्वयंरोजगारी कामगाराची व्याख्या केली, हक्क मात्र दिला नाही.

त्यानंतरच्या योजना मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाभोवती फिरतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत (२०१५) आता वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, पण तीन महिन्यांत सांधणारे हाड तिच्या हिशेबात येत नाही. ई-श्रम (२०२१) ही मुळात असंघटित कामगारांची नोंदणी. म्हणून बर्डीवरचा ठेलेवाला अजून भिशी आधी उचलतो, नाहीतर बायकोचे डोरले सराफाकडे जाते.

यात अडचण नाही असे नाही. पानठेलेवाला खरेच आजारी होता की दुकान दुसऱ्याच्या हाती देऊन लग्नाला गेला होता, हे कोण ठरवणार? त्याची रोजची कमाई किती, याचा कागद कुठला? २००३ च्या योजनेने रुग्णालयात भरती हा पुरावा आणि ठरीव ५० रुपये ही रक्कम मानून दोन्ही प्रश्न ओबडधोबडपणे सोडवले होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची, अशी तरतूद तिच्यात आहे. म्हणजे धरमपेठेत जेवण पोहोचवणाऱ्या मुलासाठी पैसे देणारा पुन्हा सापडला. कर्मचारी विम्याची योजना असंघटित कामगारांसाठी आखण्याची मुभाही केंद्राला दिली आहे. देशातल्या कामकऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारी आहेत, असे २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणाचा आकडा सांगतो. त्यांच्यासाठी संहितेत जे आहे, ते बहुतेक 'योजना आखता येईल' या शब्दांतच आहे.