टेक्ससमध्ये जुनी गाडी देऊन नवी घेताना: विक्रीकराची वजावट, कागदपत्रे आणि टायरची झीज

अमेरिकेत गाडीवरील विक्रीकराचा नियम प्रत्येक राज्यात वेगळा आहे आणि जुनी गाडी डीलरला देऊन नवी घेताना हा फरक थेट खिशाला जाणवतो. कॅलिफोर्नियात जुन्या गाडीची किंमत करपात्र रकमेतून वजा होत नाही, नव्या गाडीच्या पूर्ण किमतीवर कर भरावा लागतो. व्हर्जिनियातही ४.१५ टक्के कर पूर्ण किमतीवरच लागतो. न्यू जर्सीत मात्र ६.६२५ टक्के कर जुन्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर आकारला जातो. ऑरेगन, माँटाना, न्यू हॅम्पशायर आणि डेलावेअर या राज्यांत विक्रीकरच नाही. या लेखात टेक्ससची प्रक्रिया दिली आहे, कारण डॅलस, ह्यूस्टन आणि ऑस्टिनच्या परिसरात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि यातील बहुतेकांना दर काही वर्षांनी या व्यवहारातून जावे लागते.

टेक्ससमध्ये मोटार वाहनावरील विक्रीकर ६.२५ टक्के आहे. राज्याच्या कर संहितेतील कलम १५२.००२ नुसार, विक्रेत्याने नव्या गाडीच्या मोबदल्याचा भाग म्हणून जुने मोटार वाहन स्वीकारले असेल, तर त्याचे मूल्य करपात्र रकमेत धरले जात नाही. समजा नव्या गाडीची किंमत ३२,००० डॉलर आहे आणि डीलरने तुमच्या जुन्या गाडीचे १२,००० डॉलर दिले. मग कर २०,००० डॉलरवर, म्हणजे १,२५० डॉलर भरावा लागेल. जुनी गाडी दिली नसती तर तो २,००० डॉलर झाला असता. कराची बचत ७५० डॉलरची आहे आणि बाहेरच्या खरेदीदाराने दिलेल्या किमतीशी तुलना करताना ही रक्कम धरलीच पाहिजे. जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या एखाद्या कंपनीने १२,५०० डॉलर देऊ केले, तर ती रक्कम वरवर जास्त दिसते. प्रत्यक्षात मात्र डीलरकडचा व्यवहार २५० डॉलरनी फायद्याचा ठरतो.

या वजावटीसाठी पात्रतेच्या अटी थोड्याच आहेत, पण त्या काटेकोर आहेत. दिली जाणारी वस्तू मोटार वाहनच असली पाहिजे आणि ती नव्या गाडीच्या त्याच व्यवहारात दिली गेली पाहिजे. जुनी गाडी आधी एकाला विकून ते पैसे घेऊन दुसऱ्या डीलरकडे गेल्यास वजावट मिळत नाही, मग दोन्ही व्यवहार एकाच दिवशी झाले असले तरी. गाडी ज्यांच्या नावावर आहे त्या सर्वांच्या सह्या टायटलच्या (मालकीच्या अधिकृत कागदाच्या) मागील बाजूस लागतात. पती-पत्नी दोघांची नावे असतील आणि त्यातील एकजण भारतात गेला असेल, तर व्यवहार अडकून पडतो. म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वीच टेक्सस डीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन विभागाच्या, व्हीटीआर-२७१ या फॉर्मवर मर्यादित मुखत्यारपत्र करून ठेवावे.

आता कागदपत्रांबद्दल. मूळ टायटल, मुदतीत असलेले छायाचित्रासह ओळखपत्र, विम्याचा पुरावा आणि गाडीच्या सर्व किल्ल्या सोबत न्याव्यात. टायटल हरवले असेल तर व्हीटीआर-३४ फॉर्म भरून प्रमाणित प्रत मागवता येते. टपालाने अर्ज केल्यास शुल्क २ डॉलर आहे आणि डीएमव्हीच्या विभागीय कार्यालयात स्वतः जाऊन केल्यास ५.४५ डॉलर. गाडीवर कर्ज शिल्लक असेल तर टायटल तुमच्या हाती नसते. अशा वेळी कर्ज फेडून टाकण्यासाठी आज नेमकी किती रक्कम लागेल, याचे पत्र बँकेकडून घ्यावे. खात्यात दिसणारी शिल्लक आणि ही रक्कम यांत रोजच्या व्याजाचा फरक असतो. गाडी २०११ किंवा त्यानंतरच्या मॉडेल वर्षाची असेल, तर मालकी हस्तांतर करताना ओडोमीटरवरील आकडा लेखी जाहीर करणे बंधनकारक आहे. ही अट मॉडेल वर्षापासून २० वर्षे लागू राहते.

नव्या गाडीच्या टायटलचा आणि नोंदणीचा अर्ज फॉर्म १३०-यू वर होतो. डीलर तो भरतो आणि काउंटीच्या कर कार्यालयात कर जमा करतो, म्हणून बहुतेक लोक तो न वाचताच सही करतात. माझी कळकळीची विनंती आहे की सही करण्यापूर्वी त्यातील तीन नोंदी स्वतः पाहाव्यात: विक्रीची किंमत, वजा केलेली जुन्या गाडीची रक्कम आणि करपात्र रक्कम. जुन्या गाडीचे वर्ष, कंपनी आणि व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) हेही त्याच फॉर्मवर असतात. करारपत्रावर जुन्या गाडीची किंमत स्वतंत्र ओळीत लिहिलेली असावी. तिला नुसती सवलत म्हणून दाखवू देऊ नये. टायटलचे शुल्क काउंटीनुसार २८ किंवा ३३ डॉलर असते, आणि नव्या गाडीवर तपासणीऐवजी आकारले जाणारे १६.७५ डॉलरचे शुल्कही त्याच यादीत दिसेल.

हे तपासणीऐवजीचे शुल्क का आले, हे समजून घेतले की टायरचा मुद्दा लक्षात येतो. १ जानेवारी २०२५ पासून टेक्ससने खाजगी वाहनांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद केली. ह्यूस्टन, डॅलस आणि ऑस्टिनच्या आसपासच्या काउंटींमध्ये धुराची तपासणी चालू आहे, पण त्यात टायर पाहिले जात नाहीत. पूर्वी वर्षातून एकदा तरी कोणी तरी चाकांकडे पाहत असे. आता अनेक गाड्यांचे टायर बारकाईने पाहणारा पहिला माणूस डीलरचा मूल्यमापक असतो. बैलबाजारात दात पाहून वय ओळखतात, तसा तो टायरवरून गाडीची काळजी कशी घेतली गेली ते ओळखतो.

नव्या टायरच्या खाचांची खोली साधारण १०/३२ इंच असते आणि २/३२ इंच ही कायदेशीर किमान मर्यादा आहे. एका सेंटचे नाणे लिंकन यांचे डोके खाली करून खाचेत धरले आणि पूर्ण डोके दिसले, तर टायर त्या मर्यादेवर पोहोचला आहे. मात्र मूल्यमापकाला खोलीपेक्षा झिजेचा आकार जास्त सांगतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर गाडी कमी हवेवर चालवली गेली आहे. मधलाच पट्टा झिजला असेल तर हवा जास्त होती. फक्त आतली कड गुळगुळीत झाली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, बिघडलेली असते. बाहेरून पाहताना ही कड दिसत नाही, त्यामुळे मालकाला याचा पत्ताच नसतो. टायरवर ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर संशय शॉक अब्सॉर्बर किंवा सस्पेन्शनवर जातो. हवा किंवा अलाइनमेंटचा दोष असेल तर मूल्यमापक टायरचा खर्च वजा करतो, पण खळगे दिसले की दुरुस्तीचा मोठा अंदाज धरतो.

ही कपात करावरही परिणाम करते. वरच्या उदाहरणात डीलरने टायरसाठी ८०० डॉलर कापले आणि जुन्या गाडीचे ११,२०० डॉलर दिले, तर करपात्र रक्कम २०,८०० होते आणि कर १,३०० डॉलर होतो. तुमचे नुकसान ८५० डॉलरचे झाले. उलट, डीलरने जुन्या गाडीचे २,००० डॉलर वाढवून नव्या गाडीची किंमतही तितकीच वाढवली, तर कराच्या हिशेबात काहीच बदलत नाही. म्हणून बोलणी करताना जुन्या गाडीच्या एकट्या आकड्यावर लक्ष न ठेवता दोन किमतींमधील फरकावर ठेवावे.

गाडी द्यायची म्हणून चारही नवे टायर घालणे माझ्या मते योग्य नाही, कारण तो खर्च मूल्यांकनात पूर्ण परत येईलच असे नाही. गाडी द्यायच्या काही महिने आधी अलाइनमेंट तपासून घेणे, दर ५,००० ते ७,५०० मैलांनी टायरच्या जागा बदलणे आणि त्यांच्या पावत्या जपून ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते. हवेचा योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेला असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, त्यानुसार हवा भरू नये. एखादा टायर २/३२ इंचापर्यंत आला असेल, तर तो मात्र बदलावाच. डीलरकडे जाईपर्यंतही ती गाडी तुमच्या घरच्यांना घेऊन रस्त्यावर धावणार आहे, आणि पावसात गुळगुळीत टायरवर ब्रेक लागत नाही.

व्यवहार झाल्यानंतरची दोन कामे मालकाची स्वतःची आहेत. व्हीटीआर-३४६ फॉर्मने किंवा टेक्सस डीएमव्हीच्या संकेतस्थळावर वाहन हस्तांतराची सूचना ३० दिवसांच्या आत द्यावी. गाडी दिल्यानंतर तिच्यावर होणाऱ्या दंडाची आणि गुन्ह्याची जबाबदारी आपल्यावर येऊ नये, यासाठी ती असते. टोल टॅगच्या खात्यातून जुन्या गाडीचा क्रमांक त्याच दिवशी काढून टाकावा. १ जुलै २०२५ पासून डीलर कागदी तात्पुरत्या पाट्यांऐवजी धातूची पाटी देतात, तेव्हा नव्या गाडीचा क्रमांक त्याच वेळी खात्यात घालता येतो.

जुनी गाडी डीलरऐवजी एखाद्या परिचिताकडे देऊन त्याची गाडी घ्यायची असेल, तर तिथेही जुन्या गाडीचे मूल्य वजा होते. फरक इतकाच की फॉर्म १३०-यू स्वतः भरून काउंटी कार्यालयात ३० दिवसांच्या आत न्यावा लागतो. गाडीच्या राज्याने धरलेल्या प्रमाणित मूल्याच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी किंमत दाखवल्यास कर त्या ८० टक्क्यांवर काढला जातो. उशीर झाल्यास पहिल्या ३० दिवसांसाठी कराच्या ५ टक्के आणि त्यानंतर १० टक्के दंड लागतो.