बंद बोगद्यात पायी जाताय? दिवे नेण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडून दिवे, हेल्मेट असं सामान भाड्याने न्यायला आलेले ग्राहक हमखास विचारतात, "इंदूरजवळची महू-सनावद रेल्वे लाइन बंद झाली ना? मग कालाकुंडच्या घाटातल्या बोगद्यांतून चालत जाता येईल?" नाही येणार. मीटरगेजची रोजची गाडी 2023 मध्ये थांबली, पण पातालपानी ते कालाकुंड हेरिटेज गाडी त्याच रुळांवरून जाते. तिथे विनापरवाना रुळांवर शिरलात तर रेल्वे कायद्याचं कलम 147 लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुकोजीराव होळकरांनी 1870 मध्ये एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, म्हणून ही लाइन झाली. ते बोगदे इंदूरकरांना आपले वाटतात, आम्हालाही वाटतात. पण ते गाडीच्या खिडकीतूनच बघा. त्या घाटात पायी जाण्यासाठी आम्ही दिवे देत नाही.

जिथली लाइन खरोखर सोडून दिलेली आहे, तिथली लेखी परवानगी दाखवा, सामान लगेच मिळेल.

आता खरी अडचण. "टॉर्च नको, मोबाइल आहे की!" असं म्हणून लोक फक्त हेल्मेट नेतात. मोबाइलचा उजेड पसरट असतो, फार पुढे पोचत नाही. शिवाय एक हात अडकतो. रुळांखालचे आडवे स्लीपर काढलेल्या जागी खडीत खड्डे राहतात आणि भिंतीलगतची गटारं गाळाने, पाल्याने भरून जमिनीसारखी दिसतात. मागच्या हिवाळ्यात आमच्यासोबतच्या एका काकांचा पाय अशाच पाल्यातून गुडघ्यापर्यंत गेला. एका हातात फोन, त्यामुळे भिंत धरता आली नाही. घोटा मुरगळला. वळणाचा बोगदा, मागचं तोंड दिसत नाही, पुढचंही नाही. दोनशे पावलं परत यायला पाऊण तास लागला.

म्हणून माणशी दोन दिवे घेतल्याशिवाय आम्ही सामान देत नाही: एक डोक्यावरचा, एक खिशातला. भाडं वाढवायला करतात, असं काहींना वाटतं. खिशातला घरचा आणलात तरी चालेल, फक्त पेटवून दाखवा. सेल आम्ही तुमच्यासमोर नवे घालतो. त्यात जुना सेल मिसळू नका.

आत दमट धुकं असेल तर डोक्यावरच्या दिव्याने समोर पांढरा पडदाच दिसतो. तो काढून कमरेजवळ धरा, जमीन लगेच दिसू लागते. उन्हातून आलात की तोंडाशी पाच-सात मिनिटं थांबा, डोळे सरावू द्या. तिथेच वर आग्या मोहोळ आहे का तेही बघा. असेल तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको, सरळ माघारी फिरा. वटवाघळं दिसली तर उजेड खाली वळवा.

रविवारी निघणार असाल तर दिवे शनिवारी दुपारीच घेऊन जा. पट्टा डोक्याला नीट बसवून द्यायला आम्हाला वेळ मिळतो.